जेम्स विल्यम मॅकबेन

ज्या वस्तू रोज हाताळल्या जातात त्यांच्याकडे माणसाचे लक्ष सहसा जात नाही. साबणाची वडी ही अशीच एक वस्तू आहे. सकाळी ती हाती घ्यावी, फेस करावा, मळ धुऊन टाकावा आणि वडी पुन्हा जागेवर ठेवावी. तिच्यात विचार करण्यासारखे काही असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु साबण पाण्यात विरघळतो तेव्हा त्याचे नेमके काय होते, या एका साध्या प्रश्नासाठी एका शास्त्रज्ञाने आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे वेचली. त्याचे उत्तर प्रथम थट्टेवारी नेले गेले. पुढे तेच उत्तर जगातील सर्व विद्यापीठांत शिकवले जाऊ लागले. हा शास्त्रज्ञ म्हणजे जेम्स विल्यम मॅकबेन. महाराष्ट्राशी त्यांचे नाते विशेष जिव्हाळ्याचे आहे. कारण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक होते.

मॅकबेन यांचा जन्म 22 मार्च 1882 रोजी कॅनडा देशातील न्यू ब्रन्सविक प्रांतात, चॅटम या गावी झाला. मिरामिची नदीच्या काठी वसलेले हे गाव लाकडाच्या व्यापारासाठी आणि जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होते. अशा गावातून निघालेल्या या मुलाने टोरांटो विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले व एम्. ए. ची पदवी मिळवली. त्या काळी रसायनशास्त्राचे माहेरघर म्हणजे जर्मनी. पदार्थाचे वजन आणि रंग एवढेच न पाहता, उष्णता, वीज आणि दाब यांच्या साहाय्याने पदार्थाच्या अंतरंगाचा शोध घेणारे भौतिक रसायन हे नवे शास्त्र तेथे बाळसे धरीत होते. तरुण मॅकबेन समुद्र ओलांडून जर्मनीस गेले. लाइपझिग येथे व नंतर हायडेलबर्ग येथे त्यांनी अध्ययन केले आणि हायडेलबर्गच्या विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी संपादन केली.

मॅकबेन यांच्या पुढील कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या दोन कल्पना ध्यानी घ्यावयास हव्यात. पहिली कल्पना आयनांची. मीठ पाण्यात विरघळले की त्या पाण्यातून वीज वाहू लागते. वीज वाहून नेणाऱ्या कणांना मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने 1834 साली आयन हे नाव दिले. पुढे स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी असे प्रतिपादन केले की, मिठासारखे पदार्थ पाण्यात पडताच त्यांचे आपोआप दोन भाग होतात; एका भागावर धन विद्युतभार असतो, दुसऱ्यावर ऋण. अशा पदार्थांना विद्युत्-विच्छेद्य पदार्थ असे म्हणतात. अऱ्हेनियस यांच्या प्रबंधाला 1884 साली त्यांच्या परीक्षकांनी हलका दर्जा दिला होता; परंतु त्याच विचारासाठी 1903 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरी कल्पना कलिलांची. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या टॉमस ग्रॅहॅम यांना असे दिसून आले की, पाण्यात मीठ व साखर लवकर पसरतात. डिंक, सरस यांसारखे पदार्थ मात्र फार सावकाश पसरतात. एखाद्या पदार्थाचे कण दाट जागेकडून विरळ जागेकडे आपल्याच हालचालीने पसरत जातात, या क्रियेस विसरण असे नाव आहे. सावकाश पसरणाऱ्या पदार्थांना ग्रॅहॅम यांनी 1861 साली कलिल म्हटले. अशा पदार्थाचे द्रावण पुष्कळदा थिजून खरवसासारखे थलथलीत होते. त्यास शास्त्रात जेल म्हणतात. यावरून शास्त्रज्ञांनी मनाशी दोन स्वतंत्र कप्पे केले. एका कप्प्यात आयन होऊन वीज वाहणारे पदार्थ. दुसऱ्यात जडपणे पसरणारे, थिजणारे कलिल. एक पदार्थ एकाच वेळी दोन्ही कप्प्यांत बसेल असे कोणास वाटत नव्हते.

इ. स. 1906 मध्ये मॅकबेन इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांचे पहिले नाव झाले ते एका निराळ्या विषयात. कोळसा वायू कसा शोषून घेतो याचा अभ्यास करताना त्यांना असे आढळले की, वायूचा काही भाग कोळशाच्या पृष्ठभागावर चटकन चिकटतो, तर काही भाग हळूहळू आत मुरतो. या दोन्ही क्रियांना मिळून एकच नाव हवे म्हणून 1909 साली त्यांनी सॉर्प्शन हा शब्द योजिला. तो आजही रूढ आहे. परंतु त्यांच्या मनाने खरा ठाव घेतला तो साबणाच्या प्रश्नाचा.

हा प्रश्न मोठा चमत्कारिक होता. साबण म्हणजे तेलातील किंवा चरबीतील वसाम्लाचा सोडियमशी झालेला संयोग. तो मिठाप्रमाणे पाण्यात फुटत असेल, तर द्रावणात कणांची संख्या मोठी असली पाहिजे. कणांची संख्या वाढली की द्रावणाचा बाष्पदाब उतरतो व उत्कलनबिंदू चढतो. परंतु साबणाचे दाट द्रावण जवळजवळ शुद्ध पाण्याच्याच तापमानाला उकळते, असे हायडेलबर्गचे रसायनशास्त्रज्ञ क्राफ्ट यांनी पूर्वी दाखवले होते. तेव्हा साबण हा निव्वळ कलिल आहे, त्यात आयन नाहीत, असा निर्णय होऊन गेला होता. मॅकबेन यांनी मात्र त्याच द्रावणातून वीज सोडून पाहिली. ती उत्तम वाहिली! कण थोडे आहेत असे एक माप सांगत होते. वीज वाहणारे आयन पुष्कळ आहेत असे दुसरे माप सांगत होते.

अशा वेळी सामान्य मनुष्य दोहोंपैकी एक माप खोटे ठरवून मोकळा होतो. मॅकबेन यांनी तसे केले नाही. प्रत्येक माप अधिक काळजीने पुन्हा घ्यावे आणि दोन्ही खरी ठरली तर दोन्ही पटतील असे कारण शोधावे, असा मार्ग त्यांनी स्वीकारला. हे काम अतिशय चिकाटीचे होते. ज्या शुद्ध साबणांवर प्रयोग करावयाचे ते थंड पाण्यात विरघळत नसत. म्हणून सारी मापे 90 अंश सेल्सिअस तापमानाला घ्यावी लागत. द्रावण तापवले की फेस येई, फेसात हवा अडके आणि उकळण्याचे तापमान फसवे निघे. हवेतील कार्बन डायऑक्साइड साबणात शिरून त्याची शुद्धता बिघडवी. मॅकबेन व त्यांचे सहकारी यांनी उकळण्याचा मार्ग सोडून दिला. द्रावणावरील वाफेचे दव चकचकीत धातूवर कोणत्या तापमानाला जमू लागते, हे पाहून त्यांनी बाष्पदाब ठरवला. तरीही उत्तर तेच आले. कण खरोखरच थोडे होते.

मग काही टीकाकारांनी असा आक्षेप घेतला की, वीज साबणामुळे वाहत नाही. साबणाचे पाण्याशी विघटन होऊन जो कॉस्टिक सोडा सुटतो, त्यामुळे ती वाहते. मॅकबेन यांनी हा आक्षेपही तपासून पाहिला. द्रावणात मोकळा सोडा किती आहे हे त्यांनी विद्युतमापनाने काढले. तो इतका अल्प निघाला की त्याने एवढी वीज वाहणे शक्यच नव्हते. याचा अर्थ असा की, वीज वाहत होती ती साबणानेच.

अखेर 1913 साली मॅकबेन यांनी आपला निष्कर्ष मांडला. साबण पाण्यात आयनरूप होतो हे खरे. परंतु साबणाचे ऋण आयन एकएकटे राहत नाहीत. द्रावण पुरेसे दाट झाले की ते आपण होऊन जवळ येतात आणि त्यांचा एक पुंज बनतो. या पुंजात अनेक आयन एकत्र असल्यामुळे कणांची मोजदाद केली तर संख्या थोडी भरते. परंतु प्रत्येकाचा विद्युतभार कायम असल्यामुळे वीज वाहण्यात मात्र उणेपणा येत नाही. या पुंजास पुढे मिसेल हे नाव रूढ झाले.

एवढा मोठा पुंज जड असणार. मग तो वीज कशी वाहील, अशी शंका कोणासही येईल. तिचे उत्तर साध्या गणितात आहे. सारख्या आकाराचे आठ गोल एकत्र होऊन त्यांचा एक मोठा गोल झाला असे समजा. त्यावरचा विद्युतभार आठपट होईल. परंतु त्याची त्रिज्या केवळ दुप्पट होईल. पाण्याचा अडथळा त्रिज्येच्या प्रमाणात असतो; म्हणून अडथळाही दुप्पटच होईल. ओढणारे बल आठपट आणि अडवणारे बल दुप्पट, तेव्हा मोठा गोल सुट्या गोलाच्या चौपट वेगाने धावू शकेल. आयनांचा पुंज झाला म्हणून वीज वाहण्याचे थांबत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

विचार सरळ होता. परंतु तो जुन्या कप्प्यांत बसत नव्हता. एकाच जातीचा विद्युतभार असलेले कण एकमेकांस दूर लोटतात, हे शाळेतील मुलेही जाणतात; मग असे कण आपण होऊन एकत्र कसे येतील? साबणाच्या आयनाला तेलासारखी एक लांब शेपटी असते, ती पाण्यापासून दूर राहू पाहते आणि म्हणून या शेपट्या एकमेकींच्या आश्रयाला जातात, हे कारण तेव्हा सर्वांस उमगलेले नव्हते. रसायनशास्त्रज्ञांत अशी एक आख्यायिका सांगितली जाते की, लंडनमधील विद्वानांच्या सभेत मॅकबेन यांनी हा विचार मांडला, तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या गृहस्थांनी तो शुद्ध मूर्खपणा आहे असे म्हणून एका शब्दात उडवून लावला. भर सभेत असा उपहास झाला तर भल्याभल्यांचा धीर सुटतो. मॅकबेन वादविवादात पडले नाहीत. ते प्रयोगशाळेत परत गेले आणि मापे घेत राहिले. आपल्या बाजूने बोलण्याचे काम त्यांनी आकड्यांवर सोपवले.

त्यांच्या प्रयोगांपैकी एक प्रयोग फार मोलाचा ठरला. इव्हलिन लेंग या त्यांच्या सहकारी संशोधिका होत्या; पुढे त्याच त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. या दोघांनी 1920 साली सोडियम ओलिएट या साबणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा साबण मोठा गुणी आहे. तेवढेच पाणी, तेवढाच साबण व तेच तापमान असतानाही तो तीन रूपांत राहू शकतो: पातळ द्रावण, पारदर्शक थलथलीत जेल आणि पांढरा गोठलेला गोळा. पातळ द्रावण पेल्यातून ओतता येते. जेल ओतता येत नाही, ते बोटाने दाबले तर पुन्हा पूर्ववत् होते. डोळ्यांना आणि बोटांना हे दोन पदार्थ अगदी भिन्न वाटतात. तेव्हा द्रव थिजल्यावर त्यातील आयनांच्या वाटाही बंद होतील, असेच कोणालाही वाटेल.

लेंग व मॅकबेन यांनी दोहोंतून वीज सोडली. जेलमधून ती तितकीच वाहिली जितकी पातळ द्रावणातून वाहिली होती. सोडियम आयनांचे प्रमाण सारखे निघाले. बाष्पदाब सारखा निघाला. प्रकाशकिरण वळवण्याची शक्तीही सारखीच निघाली. फरक होता तो केवळ लवचिकपणाचा. पांढऱ्या गोळ्यात मात्र वीज कमी झाली. कारण तेथे साबणाचे बारीक तंतू होऊन तो द्रावणातून बाहेर पडला होता. यावरून असे सिद्ध झाले की, जेल होताना कण बदलत नाहीत. ते एकमेकांस सैलपणे धरून जाळे करतात, इतकेच.

ही गोष्ट एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात येडगाव येथे कुकडी नदीवर धरण आहे. धरणाची भिंत पाण्याला अडवते, आणि भिंतीचे कामच ते. जेलमधील जाळे अशा भिंतीसारखे नसते. ते त्या धरणाच्या पाण्यावर पोसलेल्या उभ्या पिकासारखे असते. बांधावरून पाहणाऱ्यास पीक म्हणजे एक दाट हिरवी भिंत वाटते. परंतु सरीसरीतून पाणी खुशाल पुढे जाते. गाईला पीक अडवील, पाण्याला अडवणार नाही. त्याचप्रमाणे जेल बोटाला अडवते. परंतु आयन बोटाच्या मानाने इतके सूक्ष्म असतात की जाळ्याच्या मोकळ्या जागांतील पाण्यातून ते आपली वाट काढतात.

उपहासाचे दिवस हळूहळू मागे पडले. साबणाचे प्रसिद्ध कारखानदार लॉर्ड लिव्हरह्यूम यांच्या नावे ब्रिस्टल विद्यापीठात भौतिक रसायनाचे प्राध्यापकपद स्थापन झाले आणि 1919 साली त्यावर पहिली नेमणूक मॅकबेन यांची झाली. साबणाच्या उत्पन्नातून निर्माण झालेले पद साबणाच्याच अभ्यासकाला मिळावे, हा योग मोठा समर्पक होता. 1923 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. तीन वर्षांनी, 1926 मध्ये, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या निमंत्रणावरून ते कॅलिफोर्नियास गेले आणि वीस वर्षांहून अधिक काळ तेथे राहिले.

हाताने उपकरणे घडवण्यात मॅकबेन यांची बुद्धी विशेष खुले. पदार्थाने किती वायू शोषला हे वजनाने काढण्यासाठी त्यांनी बाकर या सहकाऱ्यासमवेत क्वार्ट्झच्या नाजूक सर्पिल तारेचा तराजू केला. पदार्थ जड झाला की तार लांबे आणि लांबीवरून वजन समजे. विरघळलेला पदार्थ द्रावणाच्या पृष्ठभागी किती गोळा होतो, हे गिब्ज या अमेरिकन शास्त्रज्ञाने पूर्वी केवळ गणिताने सांगितले होते. ते प्रत्यक्ष पाहण्यासाठी मॅकबेन यांनी रुळांवरून वेगाने धावणाऱ्या गाडीस धारदार पाते बसवले आणि दुधावरची साय काढावी तसा द्रावणाचा सुमारे दशांश मिलिमीटर जाडीचा थर खरवडून घेतला! आयनांचे विसरण मोजण्यासाठी त्यांनी बारीक छिद्रांच्या काचेचा पडदा वापरला. पडद्याच्या एका बाजूस द्रावण व दुसऱ्या बाजूस पाणी ठेवावे आणि ठराविक काळात किती पदार्थ पलीकडे गेला ते तपासावे, अशी ती पद्धत होती. तेलासारखे जे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत ते मिसेलच्या पोटात शिरून पाण्यात सामावतात, हेही त्यांनी विस्ताराने अभ्यासले. साबणाने तेलकट मळ का निघतो, याचे एक कारण येथे सापडते.

इ. स. 1939 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना डेव्ही पदक देऊन गौरवले. तथापि मॅकबेन यांचे प्रत्येक म्हणणे बरोबर ठरले असे नाही. दाट द्रावणात साबणाचे थर एकावर एक रचून चपटे पुंज होतात, असे त्यांचे मत होते. विरळ द्रावणातील मिसेल गोलाकार असते, हे हार्टली या इंग्रज शास्त्रज्ञाचे मत पुढे अधिक ग्राह्य ठरले. आपल्या पूर्वीच्यांची चूक ज्याने मापाने दाखवली, त्याचीही चूक मापानेच दुरुस्त व्हावी, यात शास्त्राचा कमीपणा नाही. शास्त्राचे खरे बळ त्यातच आहे.

मॅकबेन स्टॅनफर्ड येथे असतानाच त्या विद्यापीठात एक महत्त्वाचा शोध लागला. 1946 साली फेलिक्स ब्लॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी अणुकेंद्रांचे चुंबकीय अनुस्पंदन शोधून काढले. त्याच सुमारास हार्वर्ड येथे पर्सेल यांनीही स्वतंत्रपणे तो शोध लावला. 1952 साली या दोघांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत एस. एस. धर्मट्टी हे भारतीय शास्त्रज्ञही काम करीत होते. पुढे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे संशोधन सुरू केले. आयनांची हालचाल जाणून घेण्याचे एक नवे साधन अशा रीतीने मॅकबेन यांच्या शेजारीच जन्मास आले होते.

इ. स. 1947 मध्ये मॅकबेन विद्यापीठातून निवृत्त झाले. त्याच वर्षी भारत स्वतंत्र झाला. देशाला स्वतःचे कारखाने, स्वतःची औषधे आणि स्वतःचे शास्त्रज्ञ हवे होते. त्यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी उभारण्याचे काम डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांनी अंगावर घेतले होते. भटनागर हे स्वतः कलिलांचे अभ्यासक होते. पुण्यास पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला 6 एप्रिल 1947 रोजी मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते बसवण्यात आली होती. तिचे उद्घाटन 3 जानेवारी 1950 रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी केले. भारत प्रजासत्ताक होण्यास तेव्हा अवघे 23 दिवस उरले होते. या प्रयोगशाळेचे पहिले संचालकपद मॅकबेन यांनी स्वीकारले.

त्या वेळी त्यांचे वय 67 वर्षांचे होते. कीर्ती मिळाली होती, पदके मिळाली होती; कॅलिफोर्नियाच्या सुखद हवेत उरलेले आयुष्य विश्रांतीत घालवण्यास कोणतीच अडचण नव्हती. तरीही सातासमुद्रांपलीकडच्या, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात ते आले. नवी इमारत उभी राहिली म्हणजे प्रयोगशाळा उभी राहिली असे होत नाही. उपकरणे मांडावयाची, ग्रंथ जमवावयाचे, तरुण संशोधक निवडावयाचे आणि त्यांच्या हाताला अचूक मापाची सवय लावावयाची, ही सारी कामे नव्याने करावी लागतात. भौतिक रसायन, सेंद्रिय रसायन, प्लास्टिके व बहुवारिके, रासायनिक अभियांत्रिकी असे निरनिराळे विभाग एका छताखाली नांदू लागले. 1952 पर्यंत मॅकबेन यांनी ही धुरा वाहिली. त्यांच्यामागून जॉर्ज फिंच हे संचालक झाले. 1922 साली एव्हरेस्टवर चढाई करणाऱ्या तुकडीत हेच फिंच होते. पुढे 1957 साली डॉ. के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले.

पुण्याहून परतल्यावर मॅकबेन यांना फार आयुष्य लाभले नाही. 12 मार्च 1953 रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांनी व त्यांच्या पत्नीने मिळून आरंभलेल्या अभ्यासाचा काही भाग श्रीमती मॅकबेन यांनी नंतर ग्रंथरूपाने पूर्ण केला.

मॅकबेन गेले, परंतु त्यांचा प्रश्न नव्या रूपाने पुढे चालत राहिला. आज घरोघरी जी भ्रमणध्वनीची यंत्रे आहेत, त्यांच्या विद्युतघटांत लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करतात. त्यांची ही वाट द्रवातून असली तर घट फुटून द्रव गळण्याचे व पेट घेण्याचे भय असते. म्हणून लांब साखळीच्या रेणूंचे, म्हणजे बहुवारिकांचे, जाळे करून त्यात द्रव मुरवतात आणि थिजलेले विद्युत्-विच्छेद्य जेल तयार करतात. बहुवारिकात क्षार मिसळून त्यातून आयन चालवता येतात, हे 1973 साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे दाखवण्यात आले. त्यानंतर या विषयाची झपाट्याने वाढ झाली. लिथियमचे आयन या जाळ्यातून किती त्वरेने जातात, यावर घटाचा उपयोग अवलंबून असतो. लेंग व मॅकबेन यांनी 1920 साली साबणाच्या जेलला विचारलेला प्रश्न तो हाच.

त्याचे उत्तर आता चुंबकीय अनुस्पंदनाने मिळते. काही अणुकेंद्रे सूक्ष्म चुंबकांप्रमाणे वागतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून योग्य कंपनसंख्येच्या रेडिओ लहरी त्यांच्यावर सोडल्या, तर ती प्रतिसाद देतात. त्यांची हालचाल मोजण्याची युक्ती स्टेजस्कल व टॅनर यांनी 1965 साली दाखवली. शाळेच्या अंगणात खडूने ओळीने चौकटी आखल्या असून प्रत्येक चौकटीत एक विद्यार्थी उभा आहे, अशी कल्पना करा. आपल्या चौकटीचा जो क्रमांक, तितकी पावले प्रत्येकाने उजवीकडे वळावे, अशी पहिली आज्ञा होते. थोडा वेळ जातो. मग आता ज्या चौकटीत उभे असाल तिच्या क्रमांकाइतके डावीकडे वळा, अशी दुसरी आज्ञा होते. ज्याने जागा सोडली नाही त्याचे तोंड पुन्हा समोर येईल. मधल्या काळात जो दुसऱ्या चौकटीत गेला त्याचे तोंड भलतीकडेच राहील. अंगणातील किती मुले समोर पाहत नाहीत यावरून एकंदर हालचाल किती झाली, याचा हिशेब करता येतो. अणुकेंद्रांना अशा आज्ञा देण्याचे काम जागोजागी कमीजास्त होणारे चुंबकीय क्षेत्र करते.

या युक्तीचा मोठा लाभ असा की, लिथियम, फ्लुओरीन व हायड्रोजन यांची अणुकेंद्रे वेगवेगळ्या कंपनसंख्यांना प्रतिसाद देतात. त्यामुळे धन आयन किती चालले, ऋण आयन किती चालले आणि मुरवलेला द्रव किती हलला, हे जेल न फोडता वेगवेगळे समजते. नेहमीच्या द्रवरूप विद्युत्-विच्छेद्यात लिथियमचा आयन एका सेकंदात मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतका सरकतो. एवढी लहान वाटचालही या रीतीने मोजता येते. मग संशोधक त्या जेलची विद्युत्-संवाहकताही मोजतात. पुष्कळदा दोन्ही मापे जुळत नाहीत. आयन चालताना दिसतात, पण वीज अपेक्षेपेक्षा कमी वाहते. याचे एक कारण असे की, काही धन व ऋण आयन जोडीने हिंडत असतात. जोडीचा एकूण विद्युतभार शून्य असल्यामुळे तिची चाल दिसते. परंतु ती वीज वाहत नाही. न जुळणाऱ्या दोन खऱ्या मापांमधून दृष्टीआडची सोबत ओळखावयाची, ही तर मॅकबेन यांचीच रीत!

पाषाणच्या प्रयोगशाळेत आज चुंबकीय अनुस्पंदनाची यंत्रे आहेत. येडगावच्या परिसरातच खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. अशा 30 तबकड्या खोडद व आसपासच्या भागात मिळून उभ्या आहेत. त्या आकाशातील दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपतात. लिथियमची अणुकेंद्रे प्रयोगशाळेतील प्रबळ चुंबकात ज्या रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात, त्यांची कंपनसंख्या खोडदला ऐकू येणाऱ्या काही लहरींच्या जवळपासचीच असते. एकाच जिल्ह्यात एके ठिकाणी अवकाशातील अतिविशाल गोष्टींचा, तर दुसऱ्या ठिकाणी थेंबभर जेलमधील अतिसूक्ष्म गोष्टींचा शोध चालतो, ही विद्यार्थ्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

साबणाचा फेस क्षणभर टिकतो आणि विरून जातो. परंतु त्या फेसाखालच्या पाण्यात जे दडले होते ते मॅकबेन यांनी शोधून काढले. उपहास झाला म्हणून त्यांनी सत्य सोडले नाही. कीर्ती मिळाली म्हणून काम सोडले नाही. वय झाले म्हणून नव्या देशाची हाक नाकारली नाही. दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिसल्या तर घाईने एकीला खोटे ठरवू नये, दोहोंना सामावून घेणारे तिसरे सत्य धीराने शोधावे, हा त्यांच्या जीवनाचा बोध आहे. आणि तो केवळ प्रयोगशाळेपुरता नाही.